मीरासाब कलईवाल्याची मोटर

कोल्हापुरात घासाघीस करणारी माणसं पैशाला पासरी मिळत, पण मीरासाबसारखा नुसता घासणारा एकच होता. बाप कलईगार, आजा कलईगार, आणि मीरासाबच्या तर रक्तातच चिंच आणि राख मिसळलेली. वयाच्या नवव्या वर्षापासून तो पाठीवर भाता टाकून गावोगाव हिंडला. निखाऱ्यावर तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडावी, कथिलाचा थेंब पडावा, वरून कापसाचा बोळा गर्रकन फिरावा आणि काळंठिक्कर पातेलं आतून चांदीसारखं लखलखावं, तेवढा एक क्षण पाहायला तो हातचं जेवण सोडून उठे. सोयऱ्याकडे मयतीला गेला तरी दुःख करता करता त्याची नजर पाण्याच्या हंड्यावर जाई. निघताना तो घरधन्याच्या कानाशी लागून म्हणे, "हंडा लई काळा पडलाय, पावणं. सवडीनं लावून द्या माझ्याकडं."

त्याची बायको इमामबी म्हणायची, ह्या माणसाला जन्नतीत धाडलं तर हा आत जायच्या आधी दाराच्या कड्या घासत बसेल. बाईचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

असा माणूस विजेच्या मोटरला कसा चिकटला, ते आधी सांगायला हवं. बावड्याच्या वाटेवर नेमगोंडा पाटलांची शेंगतेलाची गिरणी होती. पूर्वी तिथे अकरा लाकडी घाणे आणि त्यांना जुंपलेले बैल होते. जर्मनीची लढाई संपली आणि नेमगोंडाअण्णांच्या डोक्यात विजेने घर केलं. त्यांनी मुंबईहून चाळीस घोड्यांच्या ताकदीची मोटर मागवली, तितकेच लोखंडी घाणे बसवले आणि वीज काढायला बाजूच्या शेडात तेलाचं इंजिन उभं केलं. मोटर बसवायला आलेल्या फिटरला जाड तारांच्या टोकांना तांब्याच्या टोप्या झाळून हव्या होत्या. कथिल, नवसागर, निखारे म्हटल्यावर कोणीतरी धावत जाऊन मीरासाबला घेऊन आलं. मीरासाबने टोप्या अशा झाळल्या की फिटर चष्मा वर करून बघत राहिला. म्हणाला, "मुंबईत असं काम दोघंच करतात, आणि त्यातला एक आता थकलाय."

झालं! मीरासाब त्या वाक्याने झिंगला. घरी जाऊन त्याने ते इमामबीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, वाटेतल्या हजामालाही सांगितलं. पुढचे आठ दिवस तो फिटरचं शेपूट झाला. हे काय, ते कशाला, ही कळ ओढली तर काय होतं, असं विचारून विचारून त्याने फिटरला भंडावून सोडलं. नवव्या दिवशी फिटर मुंबईला परतला आणि जाताना मोटर मीरासाबच्या हवाली करून गेला. पिढीजात भाता माळ्यावर गेला. वयाच्या चाळिशीत मीरासाब मोटरवाला झाला आणि त्या आनंदात महिनाभर उशीवर डोकं टेकलं तरी त्याला हसू येई.

मोटर चालू करणं म्हणजे नुसती कळ दाबणं नव्हे. शेजारी कमरेएवढी एक लोखंडी टाकी होती, पाण्याने भरलेली. तिच्यावर एका दांड्याला लोखंडाचे तीन पत्रे टांगलेले. कळ ओढली की मोटर जागच्या जागी गुणगुणायला लागे. मग दांडा हळूहळू खाली सोडायचा. पत्रे जसजसे पाण्यात बुडत, तसतसा मोटरच्या अंगात जोर भरे, टाकीतलं पाणी गुडगुडायला लागे आणि पत्रे तळाशी पोचेपर्यंत मोटर भिंगरी झालेली असे. मग शेवटची कळ ओढायची, टाकीचं काम संपलं. पाण्यातून न जाता एकदम जोर द्यायला गेलं तर आतली बारीक तार फट्दिशी जळे. मीरासाब तो दांडा असा सोडी, जणू तान्ह्या पोराला परातीत बसवतोय.

ह्या मोटरच्या खोलीत माशी बसली असती तर घसरून पडली असती. पितळ पिवळंधमक, तांबं लालबुंद. आणि भिंतीपलीकडे इंजिनच्या शेडात बरोबर उलटा कारभार. तिथला राजा पिराजी. इंजिन तेलाने काळं, भिंत काळी, पिराजी काळा. पंचांगात बघून अंघोळ करणारा गडी. त्याचं म्हणणं, इंजिनला तेल लागतं, तसं माणसालाही अंगावर थोडं असावं. दोघांचं रोज सकाळी वाजायचं. पिराजी म्हणे, "माझ्या इंजिनबिगर तुझी मोटर म्हंजे नुसता बत्ता हाय." मीरासाब म्हणे, "आन माझ्या मोटरबिगर तुझं इंजिन म्हंजे खोकणारा म्हातारा." एवढं झाल्याशिवाय दोघांनाही कामाला गोडी येत नसे.

त्या वर्षी खंडेनवमी आली. खंडेनवमीला ज्याने त्याने आपलं हत्यार धुऊन पुसून पूजेला मांडायचं, मग तो कोणत्या का जातीचा असेना. मीरासाबसाठी तर हा ईदेइतकाच मोठा सण. पहाटेपासून तो भिडला. मोटर पुसली, कळा घासल्या, मोटरच्या फिरत्या कड्यांना टेकणाऱ्या कोळशाच्या ब्रशांची पेटी झळकवली, आणि मग त्याने टाकीत डोकावून पाहिलं. पाणी गढूळ, पिवळट, हाताला बुळबुळीत. तळाशी गाळ आणि पत्र्यांवर पांढरं किटण चढलेलं. मीरासाबला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. सणावारी मोटरला असल्या पाण्यात बसवायचं?

त्याने टाकी उपसली. पत्रे चिंचेने, राखेने घासले; असे घासले की त्यात त्याला स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. एवढ्या स्वच्छ टाकीत विहिरीचं पाणी ओतायचं त्याच्या जिवावर आलं. तो पाटलांच्या घराच्या मागल्या दारी गेला. अण्णांच्या आई, राजमतीअव्वा, तिथे पाणी गाळत बसल्या होत्या. त्या घरात न गाळलेला थेंब कोणाच्या ओठाला लागत नसे. मीरासाबने मागणं सांगितलं तशा अव्वा हरखल्या. "मोटरीनं का म्हणून गढूळ प्यावं? तीबी घरचीच की," असं म्हणत त्यांनी दुहेरी धडप्यातून गाळलेलं, उकळून निवलेलं पाणी दिलं. घागरीमागून घागर नेऊन मीरासाबने टाकी भरली. वर झेंडूची माळ घातली. पाण्यात आढ्याचा एक एक वासा दिसत होता.

दसऱ्याला गिरणी बंद. महाराजांची स्वारी बघायला सारं कोल्हापूर रस्त्यावर. ती बघायला इमामबीचा बाप बादशहामामू चंदगडाकडून मुद्दाम आला होता. हा मीरासाबचा सासरा आणि सख्खा मामाही. मामूला हत्ती आवडले, घोडे आवडले, पण जावई चाळीस घोड्यांचं यंत्र चालवतो ह्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जावयाबरोबर गिरणीत आला, मोटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चाळीस घोडी? मग लीद कुटं हाय?"

"बसा मामू, आता दावतो," असं म्हणून मीरासाबने बाह्या सारल्या. बाहेर नव्या शेंगांच्या चौदा गाड्या उभ्या होत्या. पलीकडे इंजिन धडधडायला लागलं. मीरासाबने कळ ओढली. मोटर गुणगुणली. त्याने दांडा सोडला. पाव, अर्धा, पुरा. पत्रे तळाला टेकले. मोटर आपली गुणगुणतेच आहे. तिने मान म्हणून हलवली नाही.

मीरासाबने दांडा वर घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मामू शेंगांच्या पोत्यावर बसून शांतपणे म्हणाला, "गाती चांगली."

चौथ्या खेपेला नेमगोंडाअण्णा आत आले. मीरासाबने शेवटची कळ आधीच ओढून बघितली, तर फट्दिशी तार जळाली. नवी घातली, तीही गेली. मग तिसरी घालून त्याने मोटरचा पट्टा उतरवला. घाण्याचं ओझं गेल्यावर तरी ती फिरेल म्हणावं, तर फिरली, पण कशी? जेवून उठलेली म्हैस पाण्याकडे जाते तशी. हाताने फिरवली तर लोण्यासारखी फिरे, म्हणजे कुठे अडकलेली नव्हती. ब्रश काढून बघितले, तेही आरशासारखे. मीरासाबने आपल्या बाजूचं सगळं तपासलं आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. जे लख्ख आहे त्यात खोट कशी असेल? खोट काळ्या बाजूला असणार, असं त्याच्या डोक्याने ठरवूनच टाकलं.

"अण्णा, इंजिनाकडनं वीजच निम्मी याय लागलीया," तो म्हणाला. "पिराजीनं सणात दोन दिस इंजिनाकडं बघितलं न्हाय. माझ्याकडं काय न्हाय, बघा की, कसं चकचकतंय!"

नेमगोंडाअण्णा तसे दिलदार, पण चौदा गाडीवान बाहेर बोंबलत होते. "हे बघा," ते दोघांना समोर घेऊन म्हणाले, "सूर्य डोस्क्यावर यायच्या आत मोटर फिरली पायजे. आन खोट जेच्याकडं निघंल, त्यो उद्यापासनं गिरणीत दिसायचा न्हाय. मग कोणबी असू दे."

पिराजीचं तोंड काळ्या तेलातूनही पांढरं पडलेलं दिसलं. घरी तीन पोरं, म्हातारी आई. मीरासाबला क्षणभर कसंतरी झालं, पण त्याला लगेच माळ्यावरचा भाता आठवला. पुन्हा दारोदार "कलई लावा, कलई" ओरडायचं? मोटरच्या खोलीची किल्ली कमरेला लावून चालण्याचं सुख गेलं तर आपण मरू, असं त्याला खरोखर वाटलं. त्याने नजर फिरवली आणि चकचकीत कळच पुन्हा पुसायला घेतली.

पिराजी तिरीमिरीत शेडात गेला आणि तीन दिवे घेऊन आला. मोटरला येणाऱ्या तीन तारांवर त्याने ते लावले. तिन्ही दिवे सारखे, ढणढणीत पेटले. "बघा अण्णा! ह्यातला एक जरी बारीक आसला तर मी आत्ता जातो. आन आता लाव रं तुझी मोटर."

मीरासाबने कळ ओढून दांडा तळाशी सोडला. दिवे जसेच्या तसे.

"रोज ह्यो मोटर लावतो तवा काय हुतं? दिवं मिणमिणत्यात. माझं इंजिन म्हशीगत कण्हतंय. आज दिवा हलला? इंजिन कण्हलं?" पिराजीचा आवाज चढला. "आरं, तुझी मोटर वीज पीतच न्हाय! वाढणाऱ्याच्या नावानं का बोंबलतोस? खाणाऱ्याचं तोंड उघडून बघ!"

मीरासाबने मुख्य कळ पाडली, वीज तोडली आणि टाकीच्या काठाला टेकून मटकन खाली बसला. पिराजीचं बोलणं खरं होतं, हे त्याला आतून कळत होतं. मोटर पीत नाही. का पीत नाही? घशाला कोरड पडली होती. पाण्यासाठी घरापर्यंत जायचं त्राण नव्हतं, आणि टाकीत तर राजमतीअव्वांच्या हातचं गाळलेलं, उकळलेलं पाणी. त्याने ओंजळ भरली आणि प्यायला.

गार. गोड.

मीरासाबने दुसरी ओंजळ भरली. ती हवेतच राहिली. गार? ह्या टाकीला सकाळपासून पंधरा वेळा काम लावलं आणि पाणी गार? रोज ते कोमट होतं, गुडगुडतं. आणि गोड? पहिल्या दिवशी फिटरने ह्या टाकीत पांढरी भुकटी ओतली होती. मीरासाबने विचारलं तर तो म्हणाला होता, "सोडा." कलईगाराच्या घरात सोडा एकाच कामाचा: भांडं धुवायचं आणि पाणी फेकून द्यायचं. मुंबईवाल्याने टाकी धुतली आणि आळसाने पाणी तसंच ठेवलं, असं समजून मीरासाबने त्याला मनातल्या मनात नावंसुद्धा ठेवली होती. आता त्याच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. ते धुणावळीचं पाणी नव्हतंच. सोड्याच्या पाण्यातून वीज वाहते आणि ह्या निर्मळ पाण्यातून वाहत नाही. तीन पत्रे पाण्यात बुडत होते खरे, पण एकमेकांना भेटत नव्हते!

तो ताडकन उठला. "गोड हाय!" तो ओरडला. "पाणी गोड हाय!"

लोकांना वाटलं, गेला कामातून. मीरासाबने पिराजीचं मानगूट धरून त्याच्या तोंडात ओंजळ ओतली. "पी! कसं हाय? गोड हाय का न्हाय? मामू, तुमी प्या! अण्णा, बघा, बघा चव!" तो टाकीभोवती नाचायला लागला, टोपी उडाली, झेंडूची माळ त्याच्या गळ्यात आली. "आरं, सापडलं! सोडा पायजे हुता, सोडा! जुनं पाणी म्याच वतून दिलं! माझ्या ह्या हातांनी उपसलं! पिराजीचं काय न्हाय, इंजिनाचं काय न्हाय, सगळी खोट माझी, माझी एकट्याची!"

असं म्हणत त्याने दोन गिरक्या घेतल्या. तिसरी अर्ध्यात थांबली. आपण काय बोललो ते आत्ता कुठे त्याच्या कानांत शिरलं. चकचकीत पितळेत त्याचाच पडलेला चेहरा त्याच्याकडे बघत होता.

"सोडा आण," नेमगोंडाअण्णा एवढंच म्हणाले.

मीरासाब मागल्या दारी धावला. राजमतीअव्वांनी धुण्याच्या सोड्याचं मडकंच हातात दिलं आणि काय झालं ते बघायला त्याही मागोमाग आल्या. मीरासाबने एक मूठ टाकीत टाकून ढवळली, कळ ओढली, दांडा सोडला. मोटरने मान वळवली. वीज तोडून दुसरी मूठ. मोटर चालायला लागली. तिसऱ्या मुठीला टाकी गुडगुडली, दिवे मिणमिणले, पलीकडे इंजिन कण्हलं आणि मोटर सूं करून सुटली. "कण्हलं! माझं इंजिन कण्हलं!" पिराजी पोरीचं लग्न जमल्यासारखा आनंदाने ओरडला. पट्टा चढवला, आणखी एक मूठ टाकली, आणि अकराच्या अकरा घाणे फिरायला लागले. बाहेर गाडीवानांनी आरोळी ठोकली. बादशहामामू पोत्यावर उभा राहून कोणालातरी सलाम करत होता, बहुधा मोटरलाच.

मीरासाबने मोटर हसऱ्या डोळ्यांनी एकदा पाहून घेतली. मग कमरेची किल्ली सोडली आणि अण्णांच्या पुढे धरली. "अण्णा, शब्द तुमचा. खोट माझ्याकडं निघाली."

अण्णांनी किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. शब्द तर दिलेला, चारचौघांत दिलेला. ते मिशी चावत उभे राहिले. तेवढ्यात दारातून राजमतीअव्वा पुढे आल्या.

"पाणी कुणी दिलं रं नेमू?"

"अव्वा, तू मदी—"

"मी दिलं. दोनदा गाळून, उकळून दिलं. खोट पाण्यात हाय म्हणतोस न्हवं? मग मला काढ. उद्यापासनं मी काय घरात दिसायची न्हाय. जाते माहेराला, बैल जुंप."

अव्वांचं वय पंच्याहत्तर, माहेरी कोणी उरलेलं नाही. गिरणीत आधी एक जण फिसकला, मग दुसरा, मग सगळेच. नेमगोंडाअण्णांनी खूप वेळ तोंड गंभीर धरून ठेवलं, पण शेवटी त्यांचंही पोट हलायला लागलं. "कोण न्हाय जायाचं!" ते ओरडले. "जाशीला सगळी, मग शेंगा काय मी एकटा गाळू? ठेव ती किल्ली कमरंला. आन खबरदार पुन्ना टाकी धुतलीस तर!"

हसणारी माणसं पांगली. मीरासाब मात्र हसेना. त्याला रडू येत होतं आणि ते आनंदाचं होतं की लाजेचं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पिराजी दाराशी हात पुसत उभा होता. मीरासाब त्याच्याजवळ गेला आणि खाली बघत पुटपुटला, "चुकलं माझं, पिराजी."

मोटर घरघरत होती, घाणे कुरकुरत होते. पिराजीने कानाला हात लावला. "आँ?"

"माझं चुकलं म्हणलं!"

"काय ऐकू ईना बघ, लई आवाज हाय!"

"आरं, तुझ्यावर उगा आळ घेतला! माझं चुकलं!" मीरासाब घसा फोडून ओरडला. घाण्यावरच्या बायका थांबून बघायला लागल्या, दारातले गाडीवान आत डोकावले, अण्णा जाता जाता वळले.

"मोठ्यानं बोल की लेका!"

"चुकलं! चुकलं! पिराजी, तू खरा, मी खोटा! माझं चुकलं!"

पिराजीने काळाकुट्ट पंजा मीरासाबच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर सावकाश पुसला. त्याला पहिल्याच खेपेला सगळं ऐकू आलं होतं.